बाबांच्या घोट्याचा पट्टा

दादा,

आज होडी-धावण्याच्या रिले शर्यतीत बाबांच्या जागी होडी मी वल्हवणार आहे. त्यांची होडी काल तू कुऱ्हाडीने फोडलीस, म्हणून क्लबची घेतली. अंगणातले तुकडे उचल, आई अनवाणी फिरते. कुऱ्हाड शेजारच्या काकूंकडे आहे. मागितलीस तरी त्या देणार नाहीत.

बाबांच्या संघात धावणाऱ्या मास्तरांचं तू नाक फोडलंस, दोन दात पाडलेस, वर पाय तोडायची धमकी दिलीस. तरी शेवटचा टप्पा तेच धावणार आहेत. मागच्या वर्षी बाबा काठावर कोसळले ते कायमचेच, आणि मास्तर त्यांच्या घोट्याचा वेळ मोजणारा पट्टा सोडवून, स्वतःच्या पायात बांधून पुढे पळाले, हे खरं. पण होडीतून उतरलं की बाबा दर वर्षीच आडवे पडायचे आणि ओरडायचे, "मेलो रे, पळ आता!" त्या दिवशीही ओरडले. आपण सगळे हसलो. सगळ्यांत मोठ्याने तू. त्याची शिक्षा मास्तरांनी किती दिवस भोगायची?

आजही पट्टा घेऊन मास्तर पळतील, त्यांनी पळायलाच हवं. तू रिकाम्या हातांनी काठावर ये. मी पडले, तर माझ्याजवळ थांबणारं कोणीतरी हवं.