जेवलिका नावाची पणजी

९ ऑक्टोबर, गुरुवार

आधी फक्त काय झालं ते. मत नंतर.

१. बेरेनीसचं (गेल्या वर्षीची माझी रूममेट, पुढे बे.) नवं गाणं सोमवारी आलं. मला आज कळलं, आमच्या ध्वनिशास्त्राच्या लॅबमधल्या एकीच्या हेडफोनमधून.
२. गाण्याचं नाव 'झेव्लिका'.
३. प्रत्येक कडव्यानंतर एका बाईचा आवाज येतो. दोनच शब्द. गाण्याचं नाव त्यावरूनच पडलंय.
४. ती बाई माझी आई. नागपूरला असते. शब्द आहेत : "जेवली का?"
५. हे तिच्या एका व्हॉइस नोटमधलं. गेल्या वर्षी आमच्या खोलीत आवाज किती घुमतो ते मोजायला मी ती नोट स्पीकरवर वाजवून रेकॉर्ड केली होती. टाळी वाजवूनही भागलं असतं, पण आईचा आवाज हाताशी होता. ती फाइल बे.च्या गाण्यांच्या फोल्डरमध्ये राहिली. फोल्डर बे. जाताना घेऊन गेली. गाणी तिचीच होती, मीच दिला.
६. आवाज कोणाचा आणि अर्थ काय, हे बे.ला माहीत आहे. तिने तेव्हाच विचारलं होतं, मी सांगितलं होतं.
७. तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या पानावर लिहिलंय : झेव्लिका ही गायिकेची पोलिश पणजी, एका खाणकामगाराची बायको. हे गाणं म्हणजे तिला घातलेली साद.
८. मला कोणी विचारलं नाही. आईलाही नाही.

११ ऑक्टो., शनि.

लॅबला गेले नाही. कंपनीने छापलेली बे.ची माहिती तिसऱ्यांदा वाचली. मला तिच्याबद्दल जे माहीत आहे ते शेजारी ठेवून बघते.

बरोबर : उत्तर फ्रान्समधलं गाव, खाणी बंद पडलेल्या. लहानपणी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गेली. घरात पोलिश रक्त आहे, पण ते पणजोबांचं. पणजी त्याच गावची. तिचं नाव मार्थ.

गाळलेलं : तिची आई चौकात गाडी लावून बटाट्याचे तळलेले काप विकते. बे. शाळेतून आली की खिडकीत उभी राहून ऑर्डरी ओरडायची. उकळत्या तेलाच्या वर आवाज कसा काढायचा ते तिथे शिकले, असं तीच सांगायची, हसत. टीव्हीवर पहिल्याच फेरीत बाहेर. परीक्षकाने विचारलं, "छान. पण भाषा कुठली होती?" फ्रेंचच होती, गावच्या हेलातली. प्रेक्षक हसले. त्यानंतर तिने तो हेल काढून टाकला. आता पॅरिसचे लोकही ओळखत नाहीत म्हणे. फक्त आईशी फोनवर बोलताना परत यायचा. मला फ्रेंच येत नाही, पण तेवढं ऐकू यायचं.

इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या या गावात, ती विद्यापीठात फ्रेंच शिकवायला आली होती, वर्षभरासाठी. मला रूममेट हवी होती. थंडीचे कोट कपाटात टांगलेले. मी म्हटलं, यांच्यामध्ये उभी राहून गा, आवाज घुमणार नाही. ती आत, मी बाहेर लॅपटॉप घेऊन, दार जेमतेम लोटलेलं. एकेक ओळ दहा-दहा वेळा. 'पुन्हा' हा शब्द तिला मराठीत येतो. 'पुन्या' म्हणते.

कंपनी म्हणते : 'खोलीत एकटीने रेकॉर्ड केलेली पहिली गाणी.' याचा मला राग नाही. बहुतेक नाही.

मॅनेजरने गाडी काढली, पणजी घातली. एवढंच संपादन.

१४ ऑक्टो.

बे.चा फोन, नेहमीसारखा इंग्रजीत. न्यूयॉर्कमध्ये आहे, दौऱ्याची तालीम.

"सू! ऐकलंस? आवडलं?"
"ती माझी आई आहे."
"माहितीये. म्हणून तर. ते दोन शब्द आले की रोज मला ते कपाट आठवतं, शपथ."
"आणि पणजी?"
"ते मॅनेजरचं. मी मुलाखतीत म्हटलं, आमच्यात कोणीतरी पोलिश होतं. बाकीचं त्याने..."
"तू नाही म्हणाली नाहीस?"
"छापून झालं होतं गं."
"तुझ्या आईने वाचलं?"
"ती असलं वाचत नाही."

अल्बम नोव्हेंबरअखेर. मॅनेजर परवानगीचा कागद पाठवेल, आईने सही करायची, पैसे मिळतील. मी म्हटलं, पैशांचं विचारत नाहीये. "मग कशाचं?" तिने खरंच विचारलं, टोमणा नव्हता. मी म्हटलं, आधी कागद येऊ दे.

कागद संध्याकाळी आला. एक वाक्य : 'आवाज देणाऱ्या व्यक्तीचं नाव कुठेही दिलं जाणार नाही.'

१९ ऑक्टो., रवि.

इथल्या वैद्यकाकूंकडे दिवाळीचं पॉटलक, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा. जायचं नव्हतं, पण त्या न्यायला दारातच आल्या.

जेवणाच्या आधी स्पीकरवर ते गाणं लागलं. काकू वाट्या मांडत होत्या, थबकल्या.

"थांब थांब. ही बाई मराठी बोलतेय!"
काका : "पोलिश आहे ते. मी वाचलंय."
"पोलिश कसली डोंबलाची! जेवली का, म्हणतेय. पुन्हा लावा. बघा, 'जेवलीस' नाही म्हणत. नागपूरकडची आहे. माझी मामी अस्संच बोलायची."

मग तेच तीन-चार वेळा. सगळे हसतायत, कोणी आवाजाची नक्कल करतंय. फार वाईट नक्कल. आई शेवटचा 'का' वर नेत नाही, खाली आणते. ती विचारत नसते, तिला माहीत असतं.

"सुजाता, तू नागपूरची ना? ओळखतेस का हिला?"
"नागपूर मोठं आहे, काकू."
"हो, तेही खरं. आणि तुझं आडनाव काय गं? दरवेळी विचारायचं राहतं."
"सुजाताच म्हणा ना."
"ते नाव झालं!"

मी भात वाढून घेतला. इथे आल्यापासून हे चुकवतेय. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न लोक तोंडाने विचारत नाहीत, चेहऱ्याने विचारतात. मला त्या चेहऱ्याशी काही घेणंदेणं नको असतं. बाबांनी शिकवलं होतं बेधडक सांगायला. मला जमतं, पण कंटाळा येतो. कंटाळा हा शब्द बरोबर आहे का, ठाऊक नाही.

आईचं नाव गाण्यावर लागलं तर माझंही लागलंच.

२० ऑक्टो.

आईला सांगितलं. गाणं पाठवलं होतं, तिने फोनच्या आधी ऐकून ठेवलेलं.

"पोरीचा आवाज चांगला आहे. श्वास चुकीच्या जागी घेऊन राहिली ती."
"आई, तुझा आवाज आहे त्यात."
"मला काय कळत नाही का? पण ती उत्तरच देत नाही व! मी विचारून राहिली जेवली का, अन् ती आपली ओ-ओ करून राहिली."

पणजीचं सांगितलं. आधी खूप हसली. "म्हणजे मी मेली पण, अन् फ्रान्सात मेली." मग थांबली.

"अन् नाव?"
"नाव देणार नाहीत म्हणतात."
"का बरं?"

मी कागदातलं वाक्य वाचून दाखवलं. आई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाली. दर एप्रिलला विहारातल्या बायकांबरोबर वस्तीच्या स्टेजवर गाते. लहानपणी मी बघितलंय : निवेदकाने नुसतं 'आता महिला मंडळ' म्हटलं की आई माइकपासून मागे सरकायची. "नाव घ्या, मग गाते." पूर्ण नाव घ्यायला लावायची, आडनावासकट. तेव्हा मला लाज वाटायची.

"हे बघ सुजा. पैसे नाही दिले तरी चालते. नाव पाहिजे. कुसुम गजभिये, नागपूर. नसन द्यायचं तर काढून टाक म्हणा माझा आवाज. दुसऱ्याच्या पणजीचा वेष घेऊन मी नाही गात."
"ती माझी मैत्रीण आहे."
"मग तर सोपं आहे ना."

सोपं नाही. लॅबमध्ये आज एकही मोजणी धड आली नाही. दोनदा मायक्रोफोन उलटा लावला.

२५ ऑक्टो., शनि. फिलाडेल्फिया

बसने आले. बे.चा कार्यक्रम. तिने यादीत नाव टाकून ठेवलं होतं, नुसतं 'सू'.

हॉल लहान, छत ठेंगणं, मधल्या पट्टीतला आवाज सगळा चिखल झालेला. ती मात्र चांगली. खरंच चांगली. कपाटात जे करायची तेच, शेकडो माणसांसमोर, न घाबरता. शेवटी ते गाणं. आईचा आवाज स्पीकरमधून आला आणि अख्खा हॉल ओरडला : झेव्लिका! त्यांचा 'ज' मऊ, 'झ'च्याही पुढचा. आपल्याकडे त्याला अक्षर नाही. शेजारची मुलगी डोळे मिटून ओरडत होती. मला वाटलं होतं चीड येईल. आली नाही. अंगावर काटा आला, आणि त्याची चीड आली.

नंतर आत, खुर्च्यांच्या ढिगाजवळ. बे., मी, मॅनेजर.

मी : नाव द्या आणि पणजी काढा. नाहीतर आवाज काढा.
मॅनेजर (फार सभ्य) : "तुमच्या आईंबद्दल आदर आहे. पण हे नाव लोकांना म्हणता येणार नाही. गाज... गाब्ज..."
"झेव्लिका शिकवलंत ना त्यांना."

बे. हसली, मग हसणं गिळलं. तो फोन घ्यायला गेल्यावर ती हळू बोलली. पणजी खोटी निघाली की पत्रकार गावात जातील. आईची गाडी, टीव्हीवरची ती चित्रफीत, परीक्षकाचं ते वाक्य. "एक धागा ओढला की सगळं उसवतं, सू. आत्ताच कुठे लोक माझं गाणं ऐकायला लागलेत, माझा हेल नाही."
"मग आवाज काढ."
"काढला तर गाणं उरत नाही. तुलाही माहितीये."

माहितीये. आम्ही दोघी एकाच गोष्टीपासून पळतोय असं मनात आलं. तिला बोलले नाही. तिने मला मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटलं, जसं आपण दुसऱ्याच्या मुलाला थोपटतो.

परतीच्या बसमध्ये काहीच ऐकलं नाही. हेडफोन घालून बसले होते, जोडलेले नव्हते.

२८ ऑक्टो.

वैद्यकाकूंचा फोन. ती नागपूरची बाई कोण ते त्यांना शोधायचंच आहे; ग्रुपवर टाकलंय, कोणी म्हणतं चित्रपटातला आवाज, कोणी म्हणतं मशीनने बनवलेला.

"तुझा काय अंदाज? तुझा विषय ना हा?"

मी खिडकीशी उभी होते. खाली कॅम्पसची बस थांबून निघून गेली.

"अंदाज नाही, काकू. माझी आई आहे. कुसुम गजभिये."

चेहरा दिसत नव्हता, हे बरंच.

"अगं बाई! आणि परवा माझ्याकडे भात वाढून घेत बसलीस? अशी कशी गं तू?" मग, जरा वेगळ्या आवाजात : "ते पोलिश काय मग? खोटं लिहिलंय?"
"हो."
"आणि तू काय करणारेस?"

ग्रुपवर नाव टाकू का, विचारलं. मी म्हटलं, थोडं थांबा. आधी एकीला विचारायचंय. काकूंनी 'कोणाला' विचारलं नाही. रविवारी जेवायला बोलावलं. जाईन की नाही, ठरवलेलं नाही.

आईचाही मेसेज. "बोलली का तिला?" एवढाच.

३० ऑक्टो., गुरु.

दिवसभर मसुदा. पहिल्यात रागच फार, दुसऱ्यात कायदाच फार. तिसरा पाठवला. इंग्रजीत गेला, इथे मराठीत उतरवतेय, शब्द नीट बसलेत का बघायला.

'बे.,
गाणं चांगलं आहे. फिलाडेल्फियात तू फार छान गायलीस, ते सांगायचं राहिलं. श्वासाबद्दल माझ्या आईचं एक मत आहे, ते नंतर.
ती कागदावर सही करणार नाही. तिला पैसे नकोत. अल्बमवर 'आवाज : कुसुम गजभिये, नागपूर' असं हवं, आणि पणजीचं वाक्य सगळीकडून काढलेलं हवं. हे जमणार नसेल तर आवाज काढ. गाणं मोडेल हे मला कळतं. तरी काढ.
तुझ्या घरचं काय सांगायचं, काय नाही, हे तुझं आहे. तुझ्या आईच्या गाडीबद्दल मी कोणाशी बोललेले नाही, बोलणारही नाही. पण माझ्या आईच्या आड तिला लपवू नकोस.
मॅनेजरचं उत्तर मला नको. तुझं हवं. हो किंवा नाही, कुठलंही चालेल. गुरुवार, ६ नोव्हेंबरपर्यंत कळव.'