ब्रेकवरचा पाय

२ मार्च
उजव्या पायातली चप्पल रस्त्यात राहिली आणि मी तशीच अर्धी गल्ली चालून गेले — कळलंच नाही! फळवाला मागून ओरडला, "अहो बाई, एकाच चपलेची फॅशन आलीय का?" हसले. घरी येऊन तळवा नखाने ओरबाडून पाहिला. काही नाही. जणू दुसऱ्याचाच पाय.

५ मार्च
जाऊबाई म्हणते, "ताई, बसून बसून मुंग्या आल्या असतील." मुंग्या काय अशा मुक्कामाला येतात? आधी बोटं, मग तळवे, आता घोट्यापर्यंत जाड मोजे घातल्यासारखं. आणि संध्याकाळी त्याच बधिर पायांची आग आग! बधिर आहेत तर जळतात कसे?

९ मार्च
कळलं. गुडघ्याच्या हाडात पू झाला होता, त्यासाठी इतके दिवस ज्या गोळ्या घेतेय त्यांचाच हा प्रताप. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून पाहिली. "या अँटिबायोटिकने कधीकधी नसांना इजा होते. आजपासून गोळी बदलू."
"नसा बऱ्या होतील ना?"
"होतील. कदाचित. वेळ लागेल."
"आणि गोळ्या घेतल्याच नसत्या तर?"
"तर पाय वाचला नसता."
म्हणजे भांडायचीसुद्धा सोय नाही!

१५ मार्च
परवा कढत पाण्यात पाय घातला. कळलं ते फोड आल्यावर. आता आमचे हे रोज आधी स्वतःचं कोपर बुडवून बघतात, तान्ह्या बाळाच्या पाण्यात बघतात तसं. वर म्हणतात, "रडायचं नाही हं!" मी तांब्याभर पाणी त्यांच्याच अंगावर ओतलं.

२८ मार्च
लिहायचं टाळत होते. मी आणि जाऊबाई गाडी शिकवतो. शिकणाऱ्याचा धीर सुटला की माझ्या बाजूचा जादा ब्रेक — त्यावरच दोघांचा जीव.
आज रिकाम्या मैदानात जाऊबाईला स्टीअरिंगवर बसवलं. पुढे प्लास्टिकची बादली ठेवली. म्हटलं, "तू थांबायचं नाहीस. मी थांबवणार."
पाय दाबला. दाबला असं वाटलं! पाय ब्रेकच्या शेजारी, नुसत्या चटईवर होता. बादलीचा चुराडा.
जाऊबाईने उतरून तुकडे गोळा केले. मग ती म्हणाली, "बादलीच होती, ताई."
हो. आज बादली होती.

२९ मार्च
शिकवणं बंद. मीच ठरवलं, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

१७ एप्रिल
जाऊबाईचा हुकूम : ऑफिसात बस, फोन घे. बसले. दुपारपर्यंत तिघांना फोनवरच क्लच शिकवून टाकला. तिने कपाळाला हात लावला.

२० जून
फिजिओथेरपीवाली माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण हेडमास्तरीण! डोळे मिटून उभं राहायचं म्हणे. डोळे मिटले की जमीनच नाहीशी होते. कपाटावर आपटले. म्हटलं, "नाही जमायचं मला."
"बरं, रडून घ्या. मग परत उभ्या राहा."
दोन्ही केलं.

४ ऑगस्ट
पाय ऐकत नाहीत, पण हात तर ऐकतात! हे सुचायला इतके महिने लागले? तडक आमच्या मेकॅनिककडे गेले. त्याला आम्ही पक्कडशेठ म्हणतो. म्हटलं, माझ्या बाजूचा ब्रेक हाताने दाबता येईल असा दांडा बसवून दे.
त्याने डोकं खाजवलं. "बसेल की. पण परवानगी लागेल."
"काढते. आणि नीट ऐक, तात्पुरता बसव. नसा ताळ्यावर आल्या की काढायचाय."

१२ ऑक्टोबर
परवानगीसाठी तपासणी. आरटीओचे साहेब मागच्या सीटवर, जाऊबाई स्टीअरिंगवर. भर वेगात ते एकदम ओरडले, "थांबवा!" मी दांडा ओढला. गाडी जागच्या जागी! साहेबांचा चष्मा नाकावरून थेट मांडीवर. "पुरे, पुरे!" सही मिळाली. जाऊबाई रडली. मी नाही. (थोडीशी.)

१९ ऑक्टोबर
परत शिकवायला लागले! पहिलेच गृहस्थ निवृत्त मास्तर. चौकात गोंधळले आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. समोर सायकलवर एक बाई — दांडा ओढला. हातभर अंतर राहिलं. बाईने आमचा यथेच्छ उद्धार केला. ऐकायला काय गोड वाटलं! मास्तर घाम पुसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून."


१४ मार्च
वर्षाने नसांची तपासणी पुन्हा झाली. डॉक्टर म्हणाले, "काही फरक नाही. आता नसा बऱ्या होतील असं मी सांगणार नाही."
दवाखान्याच्या पायरीवरूनच पक्कडशेठला फोन लावला. म्हटलं, "तो दांडा काढायचा नाही. छान रंग लाव त्याला. लाल."