घाम जिरू दे

पाण्याचं तू मला चुकीचं शिकवलंस. भाकरी, सारवण, बाळंतिणीचं करणं, मेलेल्याचं करणं, सगळं नीट शिकवलंस, त्यात खोट काढायला जागा नाही. पण पाण्याचं चुकलं, आणि ते मला आज दुपारी माझ्या नातीने, कालच्या पोरीने, चार बायांदेखत ऐकवलं. म्हणून लिहायला बसले. माय, मी आहे. तुझी एकुलती. तुला वाचता येत नव्हतं आणि मला दुसरीपुरतं लिहिता येतं, जोडाक्षर आलं की अजून पेन्सिल अडते. म्हणजे दोघींचं चांगलं जमेल.

झालं असं. दुपारी भाजीवाली आली आणि पाटी उतरवून आमच्या ओट्यावर मटकन बसली. तोंड भट्टीतल्या विटेसारखं. म्हणाली, "मावशी, पाणी द्या." मी म्हटलं, "बस जरा. घाम जिरू दे, मग देते." असं म्हणायला मला विचार करावा लागत नाही, शिंक येते तसं ते येतं. नात आत अभ्यास करत होती. ती नर्सचं शिकते आणि रागावली की गुजरातीत जाते. "आजी, पाणी आप ने जलदी!" करत धावत आली, माझ्या हातातला तांब्या ओढला, त्या बाईच्या दंडाला हात लावला आणि मला म्हणाली, "हिला घाम आहे कुठे? अंग बघ, तव्यासारखं कोरडं आहे. घाम यायचा थांबतो तेव्हाच तर भीती असते." मग घोट घोट साखर-मिठाचं पाणी, डोक्यावर ओली ओढणी, पंखा, शेजारच्या बाया गोळा. तासाभराने बाई उठली, कोथिंबिरीची एक जुडी ठेवून गेली. नात मला म्हणाली, "हे असलं कोणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "जुनं आहे." तुझं नाव घेतलं नाही. उपकार नाहीत ते, लाज वाटली इतकंच.

शिकवलंस तूच. मी सात-आठ वर्षांची. आबा शेतातून आले, चैताचं ऊन, मी लाडात धावत जाऊन तांब्या दिला आणि त्यांनी तो उभ्याउभ्या घटाघटा रिकामा केला. तू चुलीपुढून उठलीस आणि फुंकणी माझ्या बोटांवर हाणलीस. "उन्हातून आलेल्याला आल्या आल्या पाणी देतात? माणूस जागच्या जागी बसतो. आधी बसव, गुळाचा खडा दे, घाम जिरू दे, मग पाणी." आबांना काहीच झालं नाही, ते मिशा पुसत गोठ्याकडे गेले. माझी करंगळी मात्र सुजली. ती अजून सरळ होत नाही. पीठ मळताना ती बाहेर राहते आणि सुना हसतात, सासूबाई चहा प्यायला बसल्यात म्हणून.

मग आबा गेले, जमीन भावकीने खाल्ली, आणि गुजरात वेगळं झाल्यावर तीन-चार वर्षांनी तुझा जावई लूमवर लागला म्हणून आपण तापीकाठच्या गाडीने सुरतेला आलो. तुला मुलगा नव्हता. लेकीच्या घरी राहायचं म्हणून तू गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलीस ती उतरेपर्यंत बोलली नाहीस. मांडीवर माठ होता. सगळं विकलंस, तांबडी गायसुद्धा विकलीस, पण माठ घेतलास. "तिकडची माती कशी असेल कोणाला माहीत," म्हणालीस. लेकीला आंदण म्हणून तू दिलेली वस्तू म्हणशील तर तीच.

खोली आपली गोडादऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, तेव्हा तिकडे सगळी शेतं. चार भिंती विटांच्या, वर पत्रा. वैशाखात दुपारी पत्रा कडकड वाजायचा, जसा वर कोणी चालतोय. पुरुष बरे. ते बनियन काढून निंबाखाली पडायचे, पत्ते खेळायचे. बाईने कुठे पडायचं? पदर डोक्यावरून, पोर अंगावर, चूल पुढ्यात. तू मात्र युक्तीची. गोणपाट शिवून मोठं केलंस, खाटेवर चढून पत्र्यावर टाकलंस आणि दिवसातून दोनदा ते भिजवायचीस. माझं पहिलं पोर सहा महिन्यांचं होतं. दुपारी खाटेखाली ओल्या जमिनीवर त्याला निजवायचीस, खाटेवरून ओलं लुगडं सोडायचीस चारी बाजूंनी. तो त्या अंधारात गार निजायचा. शेजारची गुजराती काकी म्हणायची, "तुमचा पोरगा तर एअर कंडिशनमध्ये." त्या वर्षी आपल्या ओळीत दोन तान्ही पोरं उन्हाने गेली. आपलं राहिलं. ते तुझ्यामुळे राहिलं, हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हटलं. पुढे.

लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, तू आणि मी आळीपाळीने बॉबिन भरायला जायचो. लूमचं खातं म्हणजे खिडक्या बंद. वारा लागला की सुताची तार तुटते, म्हणून पंखा नाही. जमिनीवर पाणी शिंपायचे, गार वाटायचं क्षणभर, पण ते तारेसाठी होतं, आपल्यासाठी नाही. बायांना जायला जागा नाही. म्हणून तू दुसरा नियम काढलास, निघताना दोन घोट आणि मग घरी येऊनच. "पोटात पाणी गेलं की ते बाहेरही जातं. कुठे बसशील? मशीनवर?" बाया हसायच्या आणि तसंच करायच्या. तुझे सगळे नियम बघ एकदा. एकही पाणी देण्याचा नाही.

आणि तू कधी मागायची नाहीस. भाकरी मागायची नाहीस, तेल मागायची नाहीस, जावयाच्या घरात काही मागायचं म्हणजे तुझी जीभ झडायची. एकदा म्हणून पाहायचीस, हळू, अर्धवट. मिळालं नाही तर विषय बंद. दुसऱ्यांदा तू काही मागितल्याचं मला आठवत नाही. आठवत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आपण भांडलो. हातपंपाच्या डंकीवर पहाटेपासून रांग होती, दांडा मारून मारून दोन हंडे मिळाले होते. माझा पाचवा दिवस, मला डोक्यावरून न्हायचं होतं. मी पोराला पाजून उठते तोवर तू एक हंडा माठात आणि भांड्यांत ओतला होतास, आणि दुसरा पत्र्यावरच्या गोणपाटावर रिकामा करत होतीस. मी ओरडले. "पत्र्याला पाजतेस, पोटच्या पोरीला नाही!" तू खाटेवरून उतरलीस, पदराने हात पुसलेस आणि म्हणालीस, "पत्रा मागत नाही म्हणून देते." काकी दारातून हसली. मला ते लागलं. जिला मागायची लाज, ती मला मागणारी म्हणते. मी तुला त्या दिवशी भाकरी बांधून दिली नाही. पाळी माझी होती कामावर जायची, पण पोराला घामोळ्यांनी ताप होता, म्हणून तू निघालीस. नियमाप्रमाणे दोन घोट पिऊन.

दुपारी लाईट गेली. लाईट गेली की खातं बंद, आत तर बसणं शक्य नाही, शेठ म्हणाला घरी जा. बाकीच्या बाया ऊन कलेपर्यंत भिंतीच्या सावलीला थांबल्या. तू निघालीस. का निघालीस ते कोणाला बोलली नाहीस. पोराला ताप म्हणून असेल. रुळांच्या कडेकडेने, खडीवरून, अर्ध्या वाटेवर एक झाड नाही.

मी दाराशी बसले आहे. पोर अंगावर पितंय. तू येतेस, उंबऱ्यावर हात टेकून बसतेस, बाहेर नाही आणि आतही नाही. म्हणतेस, "पानी दे वं पोरी." माठ माझ्यापासून चार हातांवर. मी तुझ्याकडे बघत नाही. तुझाच आवाज काढून, तुझ्याच चालीवर म्हणते, "बस. घाम जिरू दे." म्हणते आणि मला बरं वाटतं. सकाळची फेड झाली. पोर एका बाजूचं संपवतं, मी त्याला दुसऱ्या बाजूला घेते. मग तू म्हणतेस, "तांबडीले सोड वं, उनमा बांधेल शे." मला वाटतं टोमणा मारतेस. मी म्हणते, "कुठली उन्हात बांधलेली? तांबडी कधीच विकली, तूच विकली." मग तुझं डोकं चौकटीवर आपटल्याचा आवाज येतो.

मग दिलं पाणी. तेव्हा काय, सगळा माठ दिला. काकीने तिचा हंडा आणला, तोंडावर, छातीवर, पायांवर ओतलं. दातखीळ बसली होती. काकी म्हणाली, "लू लागी गई." ढकलायच्या हातलारीवर घालून नेलं, मी ओला पदर धरून बरोबर पळत होते, तो दवाखाना येईपर्यंत वाळला. तिथल्या माणसाने डोळ्याची पापणी उचलून पाहिली आणि सोडून दिली.

मला रडू आलं नाही. बाया वाट पाहत होत्या मी कधी रडते याची, त्यांना घरी जायचं होतं. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी बॉबिन भरायला बसले. तार तुटली की गाठ, तार तुटली की गाठ. तुझा जावई म्हणाला, "तू काही चुकली नाहीस. उन्हातून आलेल्याला कोणीही लगेच पाणी देत नाही." काकीही तेच म्हणाली. माझ्या सासूनेही गावाहून येऊन तेच सांगितलं, आणि तिचं माझं कधी एका शब्दावर जमलं नव्हतं. सगळ्यांनी नियम माझ्या हातात दिला, आणि मी तो घट्ट धरला.

पुढे त्याच खोलीत आणखी दोन पोरं झाली. पत्रा भिजवायची मी. गोणपाट कुजलं की नवं शिवायची. पोरं शाळेतून यायची, जिभा बाहेर काढून, आणि मी त्यांना उंबऱ्यावर बसवायची. गुळाचा खडा. घाम जिरू दे. शेजारच्यांच्या पोरांनाही बसवायची. पुढे सुना आल्या, त्यांनाही तेच. धाकटी एकदा म्हणाली, "सासूबाई, तहान तर आत्ता लागलीये." तिला मी असं काही ऐकवलं की ती माहेरी सांगून आली. गल्लीत मला हसायचे, नियमाची म्हातारी म्हणून. हसू दे म्हटलं. नियम खरा असला पाहिजे होता. जितक्यांना बसवलं आणि जितके जगले, तितका तो खरा होत होता. मी मोजायची नाही, पण मला प्रत्येक वेळी कळायचं.

आणि आज ही पोरगी येऊन म्हणते, घाम नसतो तेव्हाच भीती. तिने सांगितलं आणि शेजारणी माना हलवायला लागल्या, जणू त्यांना आधीपासून माहीत होतं. मी कोथिंबीर निवडायला घेतली. काड्या टाकायच्या आणि पानं ठेवायची, तर मी काड्या ठेवल्या आणि पानं टाकली. नातीने पाहिलं आणि जुडी माझ्या हातातून काढून घेतली.

आता तुला वाटेल म्हातारी तुझ्यावर सगळं ढकलायला बसली आहे. मीही तेच करायला बसले होते. वर लिहिलंच आहे, तुझं चुकलं म्हणून. ते खोडत नाही, खोडलं की कागद फाटतो. पण वर एक ओळ मी गाळली आहे. जावयाला सांगितलं तेव्हा गाळली, काकीला सांगितलं तेव्हा गाळली, इतकी वर्षं मला स्वतःला सांगतानाही गाळत आले. तुझी आई पाणी मागत होती का, असं कोणी विचारलं की मी म्हणायची, हो, एकदा.

मी पोराला दुसऱ्या बाजूला घेत होते, तांबडीचं बोलण्याच्या आधी, तेव्हा तू परत म्हणालीस. हळू, जशी तू मागायचीस. "घाम नही शे वं. पानी दे." मी ऐकलं, माय. दुसऱ्यांदा मागितलंस ते मी ऐकलं. तुझ्या जन्मात तू पहिल्यांदा दोनदा काही मागितलंस, हेही मला तेव्हाच कळलं, आणि ते कळून मी पोराचं डोकं नीट केलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. माठाखाली घालेन, तिथे ओलीने आपोआप विरघळेल. तुझा माठ नाही हा, तो केव्हाच फुटला. पण मला एवढं कळलं पाहिजे की त्या दिवशी तुझं पाणी कोणी अडवलं, तुझ्या नियमाने की माझ्या रागाने. नातीला विचारणार नाही, ती पुस्तकातलं सांगेल. जावई तुझा आज असता तर त्याने माझी बाजू घेतली असती. भगताच्या अंगात येऊन बोलू नकोस, मला त्यांचं पटत नाही. स्वप्नात येऊन नुसती उंबऱ्यावर बसू नकोस, ते तू पुष्कळ केलंस. उत्तर तू द्यायचं. तूच, तुझ्या तोंडाने. आणि मला दोनदा विचारायला लावू नकोस.