कमान वाढते आहे

२ डिसेंबर
अहेरीच्या पुढे, नदीकाठच्या बांधकाम-छावणीत अस्मादिकांचे मंगल पदार्पण झाले. स्वागतास काही बकऱ्या आणि एक काँक्रीट मिक्सर उपस्थित होता. पैकी बकऱ्यांनी अभ्युत्थान दिले. नव्या महामार्ग-पुलाचा स्मरणग्रंथ भारदस्त भाषेत सिद्ध करावा म्हणून ठेकेदार गुणवंतरावांनी मला नागपुराहून पाचारण केले आहे. कमान खरोखर देखणी. दोन्ही काठांवरून वाढत आलेले तिचे बाहू मध्यावर जुळले, तेव्हा गुणवंतराव म्हणे मुलीच्या लग्नातही रडले नव्हते इतके रडले. पूर्वी येथे डोंगा चाले. मग रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, झाला, जो पावसाळाभर पाण्याखाली समाधिस्थ असे. इतिहास येथवर निर्विघ्न लिहून झाला.

५ डिसेंबर
कमानीच्या पायथ्याशी एक वृद्धा मोहाची दारू ओतताना आढळली. बुधरीबाई, शेजारच्याच गावच्या. काँक्रीटला मद्यपान कशासाठी, अशी सविनय पृच्छा केली. म्हणाल्या, काँक्रीटले नाई भाऊ, माह्या बुढ्ढ्याले पाजून राह्यली.

त्यांच्यात माणूस गेला की गावाबाहेर त्याच्या नावाचा उभा दगड रोवतात. आतला प्रसन्न असला तर दगड वाढतो. त्यांच्या नवऱ्याचा, लालसूचा दगड कमरेपासून छातीपर्यंत आला होता, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. गिट्टीची खाण दूर पडते म्हणून गुणवंतरावांनी तो सारा पाषाणसमुदाय क्रशरमध्ये घातला आणि कमानीत ओतला. बाईंची मागणी एकच: कमानीत कोण कोण आहे, ते ग्रंथात नावानिशी लिहावे.

गुणवंतरावांना विचारले. ते हसले. लिहून टाका ना साहेब, म्हणाले, इथी काईच नव्हतं, नुसतं जंगल. मी ‘निर्जन अरण्य’ असे लिहिले; शब्द नादमधुर आहेत. बाईंना समजावले की इतिहासात गोट्यांची नावे घालण्याचा प्रघात नाही. त्या बरं म्हणाल्या आणि बराच वेळ माझी उंची न्याहाळत राहिल्या.

९ डिसेंबर
उद्घाटन तोंडावर, आणि कमान हातभर उंचावली आहे. अभियंत्याने पातळी मोजली, यंत्र बदलले, पुन्हा मोजली. काँक्रीट आकसते, वाढत नाही, असे तो मला विनवणीच्या सुरात सांगत होता. वरचा रस्ता मधोमध फाटला असून भेगेतून काळ्या दगडांची टोके वर येत आहेत. वनस्पतिशास्त्रात याला अंकुरण म्हणतात. स्थापत्यशास्त्राला शब्द सापडायचा आहे.

बाईंना कारण विचारले. खूश हायेत सगळे, म्हणाल्या. तुमी आन् ठेकेदार, दोघं इथीच हा ना.

अभियंता सायंकाळच्या गाडीने गेला. सामान न घेता.

११ डिसेंबर
भरदुपारी गुणवंतराव घण घेऊन, लालसूच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत कमानीखाली उतरले. घणाचे आवाज आले. थांबले.

खाली त्यांच्या चपला. चपलांत दगड. उभा, त्यांच्याच उंचीचा, पोटाशी तसाच सुटलेला. हात लावला — कोमट.

बाई आल्या. पाहिले. दारू ओतली नाही. हा नाई वाढत आता, म्हणाल्या. तो दगडाविषयी बोलण्याचा सूर नव्हता. शिक्षा सुनावण्याचा होता.

१२ डिसेंबर
पळणार होतो. डावा पाय घोट्यात वाकत नाही. पायमोजा काढला. खाली कातडे नाही — खरखरीत, थंड.

ग्रंथ उघडला. ‘निर्जन’ खोडले. नावे लिहितो म्हटले. लालसू लिहिले. पुढे —

पुढचे एकही माहीत नाही. मी विचारलेच नव्हते.

१३ डिसेंबर
सरपटत कमानीखाली आलो. बाई येतील, त्यांना विचारेन. कंबर गेली. उजवा हात अजून चालतो. वर कमान करकरते आहे. शेजारी गुणवंतराव.

आल्या. सारे गाव बरोबर. ओरडलो — नावे सांगा बाई, सगळी लिहितो, देवाशपथ —

थांबल्या. माझ्याकडे पाहून मान हलवली. सांगत आहेत. दारू ओततात, नाव घेतात, पुन्हा ओततात. ओठ हलताना दिसतात. ऐकू नाही — कान थंड — बाई, जरा मोठ्याने, पहिले नाव पुन्हा एकदा —