बेडशाच्या मामांची पिकअप

आबा, आज दुपारी बेडशाच्या मामांची मुलगी गॅरेजात आली होती. तुम्ही तिला पाहिलं तेव्हा ती दुधाच्या गाडीत बापाशेजारी पाय हलवत बसायची आणि तुमच्या खिशातल्या गोळ्यांवर डोळा ठेवून असायची. आता ती गावातल्या चार बायका हाताशी धरून इंद्रायणी तांदूळ पाच-पाच किलोच्या पिशव्यांत भरते आणि पुण्यातल्या सोसायट्यांत पोचवते. भाड्याची गाडी परवडत नाही म्हणून तिला स्वतःची डिझेल पिकअप घ्यायची आहे. दोन वापरलेल्या गाड्या तिनं हेरून ठेवल्यात आणि त्यातली कोणती घ्यावी हे विचारायला ती माझ्याकडं आली होती. हातात नारळ होता. तिनं तो माझ्यापुढं धरला आणि मला हात पुढं करवेना.

तुमचा तो रिवाज आता कामशेतात फारसा कुणाला आठवत नाही. जुनी गाडी घेणारा माणूस सौदा पक्का करण्याआधी ती तुम्हाला दाखवायला आणायचा आणि येताना एक नारळ आणायचा. तुम्ही तास-दीड तास त्या गाडीभोवती फिरायचात. बॉनेट उघडून कान लावायचात, खाली सरपटत जाऊन स्प्रिंगचे पाटे चाचपायचात, मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं टोपण काढायचात आणि त्या तोंडावर तळहात धरायचात. आतून धूर भसाभसा हातावर आला की समजायचं, रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागणार. गाडी चांगली निघाली तर तिच्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचात आणि खोबरं सगळ्यांना वाटायचात. नाही तर नारळ तसाच घेणाऱ्याच्या हातात परत. विकणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत म्हणून वर एक शब्द नाही. या कामाचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. आई म्हणायची, ‘‘खोबऱ्यावर घर चालतंय व्हय?’’ आणि तुम्ही खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवून हसायचात.

मला मात्र हसू यायचं नाही. एक्सप्रेस-वे झाल्यापासून जुन्या हायवेवरची वर्दळ आटली होती. पूर्वी घाट चढून आलेले ट्रक आपल्या दारात रांगेनं उभे राहायचे, आता दिवसाकाठी एखादं पंक्चर आणि एखादी क्लच प्लेट. त्यात तुम्ही नारळ परत करून करून लोकांना अशा गाड्या घ्यायला लावत होता की ज्या वर्षभर गॅरेजचं तोंड बघायच्या नाहीत. एकदा मी म्हणालोही, की आबा, सगळ्यांनी चांगल्याच गाड्या घेतल्या तर आपण काय भजनं करायची? तुम्ही गाडीखाली होता. बाहेर आलात, कापडाला हात पुसलेत आणि म्हणालात, ‘‘घेणारा काय चैनीसाठी घेतो का रं? त्याचं घर चालायचंय तिच्यावर.’’ रागावला नव्हता. तुमचं रागावणं तसं नव्हतंच, तुम्ही मला समजतंय असं धरून चालायचात. तेच मला बोचायचं.

मग तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ-दहा दिवस डोळ्यावर हिरवी पट्टी लावून तुम्ही घरी, आणि गॅरेजात तुमच्या खुर्चीवर मी. त्याच आठवड्यात मामा आले. ते पवनेकडच्या गावांतलं दूध गोळा करून सोमाटण्याला पोचवायचे, तोवर दुसऱ्याच्या टेम्पोनं. आता त्यांना स्वतःची गाडी हवी होती. दोन पिकअप घेऊन आले होते, एक स्वतः चालवत आणली, दुसरी विकणाऱ्यानं आणली. पहिली जुनी, रंग उडालेली, हौद्याचं फाळकं दोरीनं बांधलेलं. पण तिचं इंजिन साधं, चालीला बैलासारखं. कामशेतातला कुठलाही फिटर दोन पान्यांत ते खोलेल, आणि सुटे भाग स्टेशनसमोरच्या दुकानात मिळतील. दुसरी तीन वर्षांनी नवी, पांढरी, टर्बोवाली. चढाला पळणारी, आत गाण्याची पेटी. त्या टर्बोला काही झालं तर भाग पिंपरीहून आणायचे आणि वाट बघायची. मामांची मुलगी पांढरीच्या सीटवर चढून बसली होती.

मी दोन्ही गाड्या तपासल्या, आबा. अगदी तुमच्यासारख्या. पांढरीचं टोपण काढून हात धरला तर तळव्यावर नुसता गरम धूर. मला कळलं. विकणाऱ्यालाही कळलं की मला कळलंय, तो लांब जाऊन फोनवर बोलायला लागला. आणि मी उभा राहून हिशेब केला. रंग उडालेली गाडी आपल्या दारात परत यायची ती ऑइल बदलायला. पांढरी मात्र येत राहील. आधी इंजिन, मग टर्बो, मग तिचे बाकीचे लाड. मामा उताविळीनं म्हणाले, ‘‘काय मंग, फोडायचा का?’’ मी पांढरीच्या चाकापाशी नारळ फोडला. मामांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला आणि दुसरा कागदात बांधून तुमच्यासाठी दिला. तो मी तुम्हाला घरी आणून दिला आणि तुम्ही विचारलंत, ‘‘हात धरून बघितलंस ना?’’ मी म्हणालो, ‘‘व्हय.’’ तेवढं एक खरं बोललो.

दीड महिन्यात पांढरी धूर ओकत दारात आली. तुम्ही आतूनच आवाज ऐकलात आणि पट्टी गेलेल्या लाल डोळ्यानं माझ्याकडं बघितलंत. टोपण काढलंत, हात धरलात. मला अजून तो क्षण जसाच्या तसा दिसतो. तुम्ही हात तसाच ठेवून उभे आहात, मामा खांद्यावरचा टॉवेल पिळत आहेत, आणि मी म्हणतो, ‘‘तवा असं नव्हतं, आबा.’’ तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवता. एवढंसंही थांबत नाही. मामांना म्हणता, ‘‘चूक माजी हाये. पोराला मी नीट दाखवलं न्हाई.’’ मामा म्हणतात, ‘‘असं काय बोलता भाऊ, मशीन हाये, व्हतंच.’’ आणि मग तुम्ही माझं मनगट धरता. चोवीस वर्षांचा मी, मिशा आलेला, लग्नाची बोलणी चाललेला. माझा तळहात त्या तोंडावर ठेवता आणि लहान पोराला सांगावं तसं हळू सांगता, ‘‘हं, बघ. ह्यो धूर असा थेट येतो. नुसती वाफ आली तर ऱ्हाऊ दे, पण असा दणका आला की समजायचं. कळलं का आता?’’ मी मान हलवतो. कळलं म्हणतो. मला आधीच येत असलेली गोष्ट तुम्ही मला दुसऱ्यांदा शिकवली आणि मी ती शिकून घेतली. त्यापेक्षा तुम्ही मला चाकाखाली लोटलं असतंत तर बरं झालं असतं.

इंजिनाच्या कामाची मजुरी तुम्ही घेतली नाहीत. माझा सगळा बेत असा पाण्यात गेला, हे सांगताना आजही मला स्वतःची किळस येते. पुढं टर्बो गेला, तेव्हाही नाही. पवनेच्या चढाला गिअर अडकला तेव्हा तुम्ही एसटीनं गेलात, पिशवीत पाने घेऊन, आणि मी गॅरेज सांभाळायच्या नावाखाली बसून राहिलो. संध्याकाळी परत आलात तर सदऱ्याला दुधाचा आंबट वास. कॅनच्या कॅन नासलं होतं, ते रस्त्याकडेला ओतायला तुम्ही मामांना हात लावला होता. तुम्ही जेवला नाहीत. आई माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘तू तरी बोल त्यांच्यासंगं.’’

वर्ष पुरं व्हायच्या आत मामांची दुधाची फेरी दुसऱ्याला दिली गेली. गाडी त्यांनी मिळेल त्या किमतीला काढली आणि लोणावळ्यात मुंबईवाल्यांच्या बंगल्यावर राखणीला राहिले. स्वतःच्या गाडीतून गावोगाव हाका मारत फिरणारा माणूस फाटकापाशी खुर्ची टाकून बसला. तुम्हाला हे कळलं त्या दिवसापासून तुम्ही गाड्या बघायचं सोडलंत. लोक यायचे, नारळ पुढं करायचे, आणि तुम्ही म्हणायचात, ‘‘माजा हात आता खात्रीचा न्हाई.’’ हात तर तसाच होता, आबा. शिकवण्यात खोट राहिली असं तुम्हाला वाटत होतं. जी माझ्या मनात होती ती खोट तुम्ही तुमच्या हातात शोधत राहिलात. एकदा भाताच्या गिरणीपाशी मी तुम्हाला पाहिलं. इंजिन चालू असलेल्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ऑइलच्या तोंडावर तळहात धरून, डोळे मिटून तुम्ही उभे होता. तपासून बघत होता, अजून कळतंय का. मी तसाच मागं फिरलो.

दोन हिवाळ्यांनी तुम्ही गेलात. दहाव्याला मामा लोणावळ्याहून आले, बंगल्यावरून अर्ध्या दिवसाची रजा काढून. नदीच्या काठाला माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘तू मनाला लावून घेऊ नको. शिकताना चुकतं माणूस. भाऊंनी मला एका पैशाला फसवलं न्हाई.’’ मी रडलो. लोकांना वाटलं, बाप गेला म्हणून.

तर ही मुलगी. मी नारळ घेतला नाही, तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिनं मोबाइलवर सगळं टिपून आणलं होतं. कुठल्या गाडीची क्लच प्लेट कितीला, कुठलीचे नोझल कितीला, कोण चढाला गरम होते. हुशार आहे. मी दोन्ही गाड्या जाऊन बघितल्या, चालवून बघितल्या. एक जुन्या पद्धतीची, जिचं सगळं काम माझ्याकडं होईल. दुसरी अलीकडची, सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असलेली, जागोजागी सेन्सर. त्या गाडीला नुसतं बेडसे ते कामशेत हिंडवलं तर फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो, मग खर्च मोठा. पण हिची फेरी पुण्याची, आठवड्यातून तीन-चारदा लांबचा रस्ता. तिला फिल्टरचा त्रास व्हायचा नाही, डिझेल कमी लागेल, आणि इंजिन अगदी निरोगी. उलट जुनीचा पंप वर्षभरात हात दाखवणार. मी तिला सांगितलं, नवी घे. बिघडली तर मात्र माझ्याकडं आणू नको, तिचा स्कॅनर माझ्याकडं नाही, थेट कंपनीच्या वर्कशॉपला जायचं. ती जरा गोंधळली. म्हणाली, ‘‘म्हणजे तुमचं गिऱ्हाईक गेलं की.’’ मी म्हणालो, ‘‘जाऊ दे.’’

मग तिनं तो नारळ पुन्हा पुढं केला. ‘‘पप्पांनी मुद्दाम दिलाय. म्हणाले, तितं गेल्याबिगर गाडी घेऊ नको. त्या घरात खोटं सांगत न्हाईत.’’ मी नारळ फोडला. गुडघ्यांमुळं मामा आता राखण सोडून घरीच असतात, दिवसभर ओट्यावर बसतात, आल्यागेल्याला हाका मारतात असं तिनं सांगितलं. ‘‘तुमी या ना एकदा. लय आठवण काढतात तुमची.’’ येतो म्हणालो. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि हे लिहायला बसलो.

खरं बोलल्याचं समाधान वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. तिला खरं सांगायला काय लागतं, तिनं माझं काही बिघडवलेलं नाही आणि मीही तिचं नाही, असं म्हणावं तर तेही खोटंच. बापाशेजारी बसून शाळेला जायची ती पोर दुधाची गाडी गेल्यावर दोन वर्षं चालत गेली, हे मला आज तिच्याच तोंडून कळलं. हसत सांगत होती.

तुम्हाला हे पत्र कुठं टाकणार? तुम्ही वाचणार नाही, आणि त्याचाच मला आधार आहे, हे कबूल करतो. बेडसे हितून वीस मिनिटांवर आहे. आधी मी मामांनाच लिहायला घेतलं होतं, आबा. वरती ‘मामा’ लिहिलं, खाली ‘त्या दिवशी मला माहीत होतं’ एवढं लिहिलं, आणि ते पान फाडून तुमच्या नावानं सुरुवात केली.