नानांच्या नावावरचं रक्त

२ डिसें., जळगाव
"पोरीसमोर लघवीचं दुखणं काय सांगायचं," अण्णा डॉक्टरांना म्हणाले होते. मी कॉलेजात होते. मला बाहेर पाठवलं. निदान झालं तेव्हा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोचला होता. आता प्रोस्टेटच्या अभ्यासासाठी गावोगाव तेच विचारत फिरते, धार कशी आहे, रात्री उठावं लागतं का. लोक जमिनीकडे बघत सांगतात. पण सांगतात.
आज भडगावकडच्या नानांचा पीएसए, प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा, आला. गेल्या वर्षी बेताचा, यंदा कर्करोगाची शंका यावी इतका वर. सर खूश. म्हणाले, वर्षभरात एवढी उडी, अभ्यासाला मोलाची केस. 'मोलाची' टोचलं.

९ डिसें., धुळे
नानांना तपासताना गाठ घट्ट लागली, डॉक्टर थांबायला तयार नव्हते. आधी रक्त, मग लगेच सुया टोचून बायोप्सी. आत नाना कण्हत होते. बाहेर त्यांचे धाकटे भाऊ, दगडूभाऊ, टोपी चुरगाळत बसलेले.

१९ डिसें.
बायोप्सीत काही नाही. त्या दिवशीचं रक्तही गेल्या वर्षीसारखंच. मग ते मधलं कुणाचं? लॅब म्हणते, आमची चूक नाही. भडगावला जाऊनच विचारायला हवं.

२१ डिसें., भडगाव
लॅब खरी. आमच्या तपासणीच्या दिवशी नाना कापूस घेऊन जिनिंगला गेलेले. नाव पुकारलं, नंबर जाऊ नये म्हणून दगडूभाऊच उठले. लपवालपवी नाही. "आम्हनं रगत एकच शे ना, ताई."
नाना हसून म्हणाले, शाळेत माझ्या वाटचा मार हाच खायचा, आता याच्या वाटच्या सुया मी खाल्ल्या, फिटलं. मला हसू येईना. ते रक्त दगडूभाऊंचं, म्हणजे कर्करोगाची शंकाही त्यांचीच. जमेल तेवढं हळू सांगितलं. ते टोपी घालून बैलांना पाणी दाखवायला गेले, परत आले नाहीत.

२३ डिसें.
सर म्हणतात तो नमुना काढून टाका. दगडूभाऊ आपल्या अभ्यासात नाहीत, संमती नाही, डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलंत, आपलं काम संपलं. नियमाने बरोबरच.
दगडूभाऊंना फोन. "माले काहीच तरास नही. नानानं कन्हनं मी आयकेल शे." ठेवला.

२७ डिसें.
नानांनी समजावून पाहिलं. आता दगडूभाऊ त्यांच्याशीही बोलत नाहीत. जेवायचं ताटसुद्धा खळ्यात मागवतात. नाना म्हणाले, "तुम्ही या ताई. पन तो ऐकाव नही."

३० डिसें., मेहरूण, जळगाव
रजा टाकली. सरांना कारण सांगितलं नाही. उद्या सकाळच्या गाडीने पाचोरा, तिथून भडगाव, थेट खळ्यावर. आकडे, पीएसए, काही बोलणार नाही. अण्णांचं सांगावं का? नको, घाबरतील. की घाबरायलाच हवं?
नाहीच म्हणतील. तोंडही फिरवतील. तरी विचारणार—
भाऊ, सुयांचं नंतर बघू. आज फक्त माझ्याबरोबर दवाखान्यात येऊन बसा, आणि एकदा स्वतःचं म्हणून रक्त द्या.