दोनदा पुसलेला फोन

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा जितेंद्र दिसला. आगाशीच्या बसस्टॉपवर, हातात केळ्यांची पिशवी. मी अर्धा दिवस रजा काढून मावशीला बघायला गेले होते. म्हणाला, "अगं विनया, तू इकडे? मी सहजच आलो होतो."

हे तिसरं सहज. आधी दाताच्या दवाखान्याबाहेर, मग मी काम करते त्या लॅबच्या कोपऱ्यावर. त्याचं विरारचं घर सोडून एव्हरशाईनला आईकडे आले त्याला पाच महिने झाले. त्याने कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. नुसता विचारायचा. कुठे होतीस, कोणाबरोबर, एवढा वेळ का. लग्नाची नऊ वर्षं. आता विचारत पण नाही, आधीच येऊन उभा असतो.

तक्रार तरी काय करू? केळी घेऊन उभा होता म्हणून?

माझा फोन त्यानेच घेतलेला. सेटिंग त्याने केलं, पासवर्ड त्याने ठेवला. म्हणून हे वहीत लिहितेय.

५ नोव्हेंबर

टिफनीला सांगितलं. ती आमच्या लॅबचे कॉम्प्युटर बघते, गास गावची आहे. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. माझा फोन उलटसुलट करून बघितला. म्हणाली, "ह्यात काय काय टाकून ठेवलंय कोण शोधत बसणार? अख्खी सिस्टीमच बदलू. गुगल नाही, खातं नाही, लोकेशन नाही. माझ्या फोनवर दोन वर्षं तीच आहे."

फोनचं एवढं आतलं काही बदलता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत केलं. फोन केबलने तिच्या लॅपटॉपला जोडला. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत सूचना आली — पुढे गेलात तर फोनमधलं सगळं पुसलं जाईल. टिफनी म्हणाली, "हे बटण तू दाब. फोन तुझा आहे." बाबांचे फोटो तेवढे पेनड्राइव्हवर घेतले होते. दाबलं.

वीस मिनिटांनी फोन सुरू झाला. कोरा. माझं नावसुद्धा त्याला माहीत नव्हतं. टिफनीने पासवर्ड टाकायला सांगितला आणि मान दुसरीकडे वळवली. एवढ्यानेच डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन आईला दाखवला. ती मेथी निवडत होती. "एवढं करायची गरज होती का गं?" म्हणाली.

११ नोव्हेंबर

बँकेचं ॲप उघडत नाही. 'हा फोन सुरक्षित नाही' म्हणतं. हजेरीचं ॲपही नाही. लॅबचे सर म्हणाले, "मॅडम, सगळ्यांचा फोन चालतो, तुमचाच का नाही चालत?" रजिस्टरवर सही करते.

१४ नोव्हेंबर

सोपाऱ्याला डोळे तपासायला गेले. बाहेर बाकावर जितेंद्र.

"नंबर वाढला का?" त्याने विचारलं.

रिक्षा कशी केली, घरी कशी आले, आठवत नाही.

१५ नोव्हेंबर

फोन बंद करून कपाटात ठेवला. कपाटाकडेही बघवत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टिफनी हार मानत नाही. तिने आपला जुना फोन आणला. त्याच्यावर दुसरी सिस्टीम चढते, पहिलीपेक्षा कडक. बँकेचं ॲप त्यात वेगळ्या कप्प्यात राहतं, बाकी फोनला हात लावू शकत नाही. जुनं सगळं पुसलं, नवीन टाकली, नवीन सिम. नंबर फक्त आईला, टिफनीला आणि लॅबला.

"आता तो फोनमधून येऊच शकत नाही," टिफनी म्हणाली.

मी हो म्हटलं. विश्वास बसला नाही. बसावा असं फार वाटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

गासला खोली बघून आले. टिफनीच्या घराशेजारी, मागे अळूचे वाफे. मालक सॅन्टन अंकल सत्तरीचे. मला नवऱ्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विहीर दाखवली, कडी नीट बसते का ते दोनदा लावून दाखवलं. म्हणाले, "एक तारखेला राहायला ये. मी भिंतीला रंग काढून ठेवतो."

येताना बसमध्ये पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे एवढाच विचार. किती दिवसांनी.

२५ नोव्हेंबर

लॅबच्या गेटवर जितेंद्र. "गासला खोली घेतेस म्हणे. तिथे डास फार. तुला सोसत नाहीत."

खोलीचं टिफनीला माहीत. फोन टिफनीचा. सिस्टीम टिफनीने टाकलेली. मी सरळ आत गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तूच सांगतेस ना त्याला?"

तिने केबल गुंडाळून बॅगेत टाकली. "मी तुझा पासवर्डसुद्धा बघितला नाही, विनया," एवढंच म्हणाली.

२६ नोव्हेंबर

टिफनी डबा घेऊन वर गच्चीत गेली. एकटीच.

२८ नोव्हेंबर

तिचा फोन तिच्या टेबलावर ठेवून आले. सॅन्टन अंकलना खोली नको म्हणून कळवलं. त्यांनी रंग आणलेला.

कपाटातला फोन काढला. कंपनीची मूळ सिस्टीम मीच परत टाकली, तिने केलं होतं ते आठवत. गुगलचं खातं घातलं, लोकेशनला हो म्हटलं. सगळी ॲप्स झटक्यात उघडली. त्याला कळायचंच असेल तर कळू दे. मी दमले.

आई म्हणाली, "बरं केलंस. एकटीने राहायचं म्हणजे काय."

३० नोव्हेंबर, रविवार

आई अंघोळीला गेलेली. तिचा फोन वाजला — 'जावईबापू'. मी उचलून कानाला लावला.

जितेंद्र म्हणाला, "आई, आज कुठे जाणार आहे ती?"